दुर्बीण उटनूरला न्यायची असेल तर

तेलंगणातल्या आदिलाबादहून हैदराबाद सुमारे 300 किलोमीटर, नागपूर 200 च्या आसपास. पैनगंगेचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा लागतो. त्यामुळे बेला, जैनथ, तामसी या मंडलांतल्या मराठी घरांत मोठे दुखणे आले की आधी ठरवावे लागते, माणसाला न्यायचे कुठे. आदिलाबाद शहरात 2008 पासून राजीव गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे. लोक तिला ‘रिम्स’ म्हणतात. पण उटनूर, नारनूर, गादीगुडा या डोंगरपट्ट्यातून रिम्सपर्यंत पोचणेही पावसाळ्यात सोपे नसते. ओढे भरले की गोंड आणि कोलामांचे काही गूडे, म्हणजे पाडे, रस्त्यापासून तुटतात. एरवी सहज उरकणारा प्रवास मग खांद्यावरच्या बाजेवरून सुरू होतो.

अशा पट्ट्यातल्या लहान सरकारी रुग्णालयात पित्ताशयातल्या खड्यांसाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुरू करावी की नाही, यावरचा हा वाद आहे. वाद घालणारे दोघे, मामा आणि भाची, लेखकाने उभे केलेले आहेत. मामांनी सीमेवरच्या गावांत आयुष्यभर पोटाच्या शस्त्रक्रिया केल्या, त्या पोट उघडून. भाची नागपुरात शिकली, तिचा हात दुर्बिणीवर बसलेला आहे आणि तिला डोंगरपट्ट्यात काम करायचे आहे. माणसे कल्पित असली तरी त्यांनी पुढे केलेले दाखले खरे आहेत, आणि असा वाद लहान रुग्णालय चालवणाऱ्या कुणालाही नवा वाटणार नाही.

सुरुवात भाचीने केली, तीही मजुरीपासून.

“मामा, तुम्ही बरगडीखाली हातभर चिरा देता. बाई पाच-सहा दिवस खाटेवर. घरी गेली तरी महिना-दीड महिना जड उचलायचं नाही. कापसाच्या वेचणीत तिचा हंगाम गेला म्हणून समजा. सोबतचा माणूस बसून राहतो तो वेगळाच. आरोग्यश्री या सरकारी योजनेचं कार्ड ऑपरेशनचा खर्च उचलतं, बुडालेली मजुरी कुठलंच कार्ड उचलत नाही. दुर्बिणीनं केलं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी, आठ-पंधरा दिवसांत कामाला.”

“हातभर चिरा मी कधीच सोडला,” मामा म्हणाले. “पाच-सहा सेंटीमीटरचा देतो. शेफील्डच्या सर्जनांनी 1996 साली ‘लॅन्सेट’मध्ये काय छापलं ते वाचलंस? 200 रुग्ण. निम्म्यांना दुर्बीण, निम्म्यांना लहान चिरा. दोन्हीकडं सारख्याच पट्ट्या बांधल्या, म्हणजे कुणाचं कसं केलं ते वॉर्डातल्या सिस्टरलाही कळू नये. निकाल काय आला? रुग्णालयातल्या रात्री सारख्या, कामावर परतण्यातही फरक नाही. दुर्बिणीला वेळ मात्र जास्त लागला, 40 मिनिटांच्या जागी 65.”

मामांचा हा दाखला कच्चा नाही. दुर्बिणीच्या बाजूने बोलणारे बहुतेक लोक तिची तुलना जुन्या मोठ्या चिऱ्याशी करतात. जाणत्या हाताने दिलेल्या लहान चिऱ्याशी केली की अंतर बरेच आटते. भाचीने ते नाकारले नाही. तिने विचारले, “तुम्ही थांबल्यावर तो लहान चिरा द्यायचा कुणी? माझ्या वर्षाच्या मुलांनी पित्ताशय उघडून काढताना फार थोड्या वेळा पाहिलंय. आमचे हात दुर्बिणीवरच तयार झाले. तुमच्या पद्धतीचा सर्जन आता कॉलेजातून बाहेरच पडत नाही. उटनूरला उद्या जो येईल, तो माझ्यासारखाच येईल.”

“हीच माझी भीती आहे,” मामा म्हणाले. “दुर्बिणीनं अडलं की पोट उघडावं लागतं. आणि ज्यानं कधी उघडलंच नाही, तो अडल्यावर काय करणार?”

दोघे एकाच अडचणीकडे दोन टोकांनी आले होते. पोट उघडण्याची कला कमी होत चालली आहे, म्हणून भाचीला दुर्बीण हवी. त्याच कारणाने मामांना ती नको.

पित्ताशय ही यकृताच्या खाली चिकटलेली लहान पिशवी. यकृतात तयार झालेले पित्त तिच्यात साठते आणि जेवणानंतर आतड्यात उतरते. तिची नळी मुख्य पित्तनलिकेला मिळते. शेजारीच तिची रोहिणी असते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात, बेंबीजवळच्या छिद्रातून कॅमेरा आणि आणखी तीन छिद्रांतून हत्यारे घालतात, ती नळी आणि ती रोहिणी क्लिपा लावून कापतात, पिशवी यकृतापासून सोडवतात आणि छिद्रातून बाहेर ओढतात. सगळा धोका एका क्षणात साठलेला आहे: कापायच्या नळीऐवजी मुख्य नलिकेलाच क्लिप लागली तर.

जर्मनीत बोब्लिंगेनच्या एरिख म्यूह यांनी 12 सप्टेंबर 1985 रोजी दुर्बिणीने पहिले पित्ताशय काढले, तेव्हा त्यांच्याच देशातल्या सर्जनांनी त्यांना हसण्यावारी नेले. पण दहा वर्षांत जग फिरले. भारतात डॉ. तेहेम्तन उदवाडिया यांनी 31 मे 1990 रोजी ही शस्त्रक्रिया केली, आणि केली ती मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात. भाचीला हा तपशील महत्त्वाचा वाटतो.

“जे. जे. म्हणजे सरकारी दवाखाना, मामा. श्रीमंतांचं हॉस्पिटल नव्हे. उदवाडियांनी 1972 पासून तिथं निदानासाठी दुर्बीण वापरली. का? सीटी स्कॅन नव्हतं, पोटातला क्षय ओळखायचा तर आत बघितलं पाहिजे म्हणून. गरिबी होती म्हणून दुर्बीण आली, श्रीमंती आली म्हणून नाही.”

“आणि सुरुवातीच्या वर्षांत किती नलिका कापल्या गेल्या, तेही सांग,” मामा म्हणाले. “उघड्या शस्त्रक्रियेत हजारी एक-दोन. दुर्बीण नवी होती तेव्हा हजारी चार ते सहा. आकडा लहान दिसतो. पण ज्याची मुख्य नलिका कापली जाते त्याची पुढची वर्षं काविळीत, तापात आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या शस्त्रक्रियांत जातात. ती जोडायला मोठ्या केंद्रातला तयार माणूस लागतो, हैदराबादला नाहीतर नागपूरला. उटनूरमध्ये कापली गेली तर उटनूरमध्ये जोडली जाणार नाही.”

यावर भाचीने अमेरिकी सर्जन स्ट्रासबर्ग यांनी 1995 मध्ये मांडलेला नियम काढला. नळी आणि रोहिणीभोवतीची सगळी चरबी आणि पापुद्रे साफ करायचे, पित्ताशयाचा खालचा तिसरा भाग यकृतापासून मोकळा करायचा, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच गोष्टी डोळ्यांना दिसल्याशिवाय काहीही कापायचे नाही. तसे दिसत नसेल तर थांबायचे. पित्ताशय फार चिकटलेले असेल तर ते पूर्ण काढण्याचा हट्ट सोडून त्याचा वरचा भाग तेवढा काढायचा, किंवा पोट उघडायचे. “नियम तुम्हालाही मान्य आहे,” ती म्हणाली. “फरक एवढाच की पोट उघडणं म्हणजे हार, असं आमच्या पिढीच्या मनात भरवलं गेलं. ते मी काढून टाकणार. अर्ध्या-पाऊण तासात काम पुढं सरकलं नाही, तर उघडायचं. नोंदवहीत त्याचा वेगळा रकाना नको, लाल शाई नको.”

मामांनी मग विषय शस्त्रक्रियेच्या टेबलावरून खाली आणला, हत्यारे धुतात त्या मोरीपाशी. या सगळ्या वादात सर्वांत वजनदार बोलणे त्यांचे हेच होते.

“दुर्बीण गावात पहिल्यांदा येत नाहीये. ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ म्हटलं की इथल्या बायकांना कुटुंबनियोजनाचं शिबिरच आठवतं. 2014 च्या नोव्हेंबरात बिलासपूरला काय झालं? एका डॉक्टरनं काही तासांत 83 बायकांवर शस्त्रक्रिया केल्या. तिथल्या शिबिरांनंतर तेरा बायका गेल्या. ते लांबचं वाटत असेल, तर आपल्याच तेलंगणात इब्राहिमपट्टणम बघ. ऑगस्ट 2022. एका दिवसात 34 जणी, त्यातल्या चौघी मेल्या. दुर्बीण वाईट होती? नाही. यादी मोठी होती, आणि एवढ्या यादीत हत्यारं नीट निर्जंतुक करायला वेळ कुठून मिळणार?”

भाची गप्प राहिली. मामा पुढे म्हणाले, “बऱ्याच दुर्बिणींची नळी ऑटोक्लेव्हमध्ये घालता येत नाही म्हणून ग्लुटारल्डिहाइडमध्ये बुडवून ठेवतात, आणि मग नळाच्या पाण्याखाली धुतात. नळाच्या त्याच पाण्यात क्षयाच्या जंतूचे चुलतभाऊ असतात. महिनाभरानं छिद्राच्या जागी गाठ येते, पू येतो. साधी प्रतिजैविकं चालत नाहीत, महिनोन्‌महिने औषधं. बाई म्हणते, टाका तर दिसत नाही, मग हे काय आलं? तिचा विश्वास कुणी परत आणायचा?”

अशा जखमा भारतातल्या अनेक शहरांतल्या रुग्णालयांनीही पाहिल्या आहेत, त्यामुळे हा दोष खेड्याच्या माथी मारता येत नाही. उपाय माहीत आहे आणि महागही नाही: ऑटोक्लेव्ह चालेल अशी दुर्बीण घ्यायची, हत्यारांचे सगळे भाग सुटे करून घासायचे, शेवटी निर्जंतुक पाण्यानेच धुवायचे, आणि हाताशी असलेल्या संचांना पुरेल एवढीच यादी लावायची. यातली शेवटची गोष्ट सर्वांत अवघड, कारण तालुक्याच्या रुग्णालयाला वरून आकडे मागितले जातात.

“दिवसाला दोन,” भाची म्हणाली. “दोनच संच आहेत तर दोनच ऑपरेशनं. तिसरं कुणी सांगितलं तरी करणार नाही.”

इथून बोलणे धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्यापर्यंत गेले, आणि मामांचा आवाज बदलला. दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर हे नाव ग्रामीण सर्जनांत आदराने घेतले जाते. हर्नियासाठी लागणारी परदेशी जाळी गरीब शेतकऱ्याला परवडत नव्हती. टोणगावकरांनी मच्छरदाणीचे कापड तपासले, निर्जंतुक केले, वापरले आणि निरनिराळ्या ठिकाणच्या सर्जनांकडून वापरवून घेतले. त्याचे निष्कर्ष 2003 मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त आले. पुढे युगांडात महागडी जाळी आणि मच्छरदाणीची जाळी यांची रीतसर तुलना झाली. 2016 च्या जानेवारीत ती ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापली. दोन्ही जाळ्या सारख्याच टिकल्या होत्या.

“बघा,” भाची म्हणाली, “खेड्यातला सर्जन जगाला शिकवतो ते असं. दुर्बिणीचंही तसंच करता येतं. डॉ. ज्ञानराज यांनी गॅस न भरता, पोटाची भिंत एका कड्यानं वर उचलून दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया केल्या, ईशान्येच्या डोंगराळ भागात. गॅस नाही म्हणजे सिलिंडर नको, गॅसचं यंत्र नको, आणि पाठीत सुई देऊन भूल दिली तरी भागतं. इथं भूलतज्ज्ञ आठवड्यातून एकदा येणार असेल, तर हे फार मोठं आहे.”

“टोणगावकरांचं नाव घेतलंस ते बरं केलंस. पण त्यांनी स्वस्त केलं म्हणून ते मोठे नाहीत. प्रत्येक रुग्ण लिहून ठेवला, किती जणांना पू झाला, किती जणांचा हर्निया परत आला, तेही. आमच्यातले कितीतरी जण हुशारीनं काही करतात आणि लिहीत नाहीत. मग ते फक्त त्यांच्या गावाची आख्यायिका होतं. आणि तुझी ती गॅसविना पद्धत, तिच्यात जागा कमी मिळते. नवशिक्या हातानं सुजलेल्या पित्ताशयावर ती वापरू नये.”

“मान्य. पहिल्या यादीला गॅसच. सिलिंडर दोन, एक भरलेला बाजूला उभा.”

आता मामांनी अमेरिकेच्या मेरीलँड राज्याचा दाखला पुढे केला. तिथे दुर्बीण आल्यावर पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रिया 28 टक्क्यांनी वाढल्याचे 1994 मध्ये प्रसिद्ध झाले. एकेका शस्त्रक्रियेतला मृत्यूचा धोका तिसऱ्या हिश्शाने उतरला, पण शस्त्रक्रियाच एवढ्या वाढल्या की मृत्यूंचा एकूण आकडा जिथल्या तिथे राहिला. “सोपं झालं की माणूस जास्त करतो,” मामा म्हणाले. “सोनोग्राफीत खडा दिसला, दुखत काहीच नाही, तरी लाव यादीत. निम्म्याहून जास्त लोकांना असा खडा आयुष्यभर त्रास देत नाही.”

“न दुखणारा खडा मी काढणार नाही,” भाची म्हणाली, आणि थोडे थांबून, “एका प्रकारचे लोक सोडून.”

ती ज्यांच्याविषयी बोलत होती त्यांच्यामुळेच आदिलाबादमध्ये हा प्रश्न वेगळा ठरतो. सिकलसेल. 1958 साली शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये केली, तेव्हापासून विदर्भ आणि त्याच्या आसपासचा आदिवासी पट्टा या आजाराच्या नकाशावर आहे. निरोगी माणसाची तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची दहा-वीस दिवसांत फुटते. फुटलेल्या पेशींतले रंगद्रव्य यकृतात जाते, तिथून पित्तात, आणि पित्ताशयात त्याचे काळे खडे बनतात. म्हणून जो आजार एरवी चाळिशीपुढच्या माणसाचा समजला जातो, तो इथे शाळकरी मुलांत आणि विशीतल्या तरुणांत दिसतो. भर पडते ती एका घोळाची: सिकलसेलचा झटका आला तरी पोट दुखते, आणि खडा अडकला तरी. रात्री दोन वाजता आलेला, पोट धरून ओरडणारा मुलगा झटक्याचा की खड्याचा, हे ओळखण्यात अनुभवी डॉक्टरचाही वेळ जातो.

“या मुलांचा खडा शांत असताना, ठरवून, दुर्बिणीनं काढला पाहिजे,” भाची म्हणाली. “तुटून-फाटून, तापात, अर्ध्या रात्री नव्हे. लहान जखम म्हणजे दुखणं कमी, मुलगा लवकर उठून बसतो, खोल श्वास घेतो. मोठ्या चिऱ्यानं बरगडीखाली दुखतं म्हणून तो श्वासच घेत नाही, आणि तिथंच सिकलसेलचा छातीतला झटका येतो. तुमचा सहा सेंटीमीटरचा चिरा इतर सगळ्यांत जिंकत असेल, या मुलांत मला दुर्बीणच हवी. 2023 च्या जुलैत सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तपासण्या होतायत, कार्डं वाटली जातायत. कार्डावर आजार लिहिल्यानंतर पुढं कुणी काय करायचं?”

मामांनी मान हलवली, पण सोडले नाही. “रक्त कुठंय? ब्रिटनमधून 2013 मध्ये आलेला तो अभ्यास आठव. शस्त्रक्रियेआधी रक्त दिलं नाही त्या सिकलसेलच्या रुग्णांत 39 टक्क्यांना गुंतागुंत, रक्त दिलं त्यांत 15. अभ्यास मधेच थांबवावा लागला. सलाइन आधीपासून, खोली उबदार, प्राणवायू, आणि जुळवून ठेवलेलं रक्त हाताशी. त्यातलं रक्त तुझ्याकडं नाही. रिम्सच्या रक्तपेढीतून आणायचं तर घाट उतरून यायचं. ज्या मुलांसाठी तू हे सगळं मांडलंयस, त्यांनाच पहिल्या वर्षी तू टेबलावर घेऊ नयेस.”

भाचीला हे सहन झाले नाही. “म्हणजे ज्यांना सर्वांत गरज, ते शेवटी? हे तर नेहमीचंच झालं, मामा. नवं काही आलं की आधी तब्येतीनं धड असलेल्यांना, मग बाकीच्यांना.”

“शिकायचं सोप्यावर, वापरायचं अवघडावर. अवघडावर शिकलीस तर ते मूल तुझ्या शिकण्याची किंमत देईल.”

इथे लेखकाचे मत मामांच्या बाजूने झुकते, पण पूर्ण नाही. सिकलसेलची मुले मागे ठेवायची तर किती काळ, हे कुठेतरी लिहिलेले हवे. नाहीतर ‘पहिले वर्ष’ दहा वर्षे चालते. भाचीनेही तेच धरले. तिने कागद घेतला. प्रत्येक रुग्णाची शस्त्रक्रियेआधी सिकलसेलची चाचणी, आदिवासी असो वा नसो. पहिल्या यादीत ज्यांना खड्याचा त्रास होतो पण सध्या सूज नाही, कावीळ नाही, असेच. सिकलसेलच्या मुलांची पूर्ण तयारी उटनूरमध्ये, शस्त्रक्रिया रिम्समध्ये, आणि तिथे भाची स्वतः जाऊन उभी राहणार, म्हणजे मुलाच्या घरच्यांना ओळखीचा चेहरा दिसेल आणि गोंडीत किंवा मराठीत बोलता येईल. उटनूरमध्ये रक्त साठवण्याची सोय झाली आणि नोंदवहीत पुरेशा शस्त्रक्रिया बिनचूक उतरल्या की ही अट उठेल. त्या ‘पुरेशा’च्या जागी आकडा लिहायला मामांनी लावला. तिने 50 लिहिले. मामांनी खोडून 100 केले, आणि त्यावर ती पुढे बराच वेळ भांडली.

शेवटी 75 वर जुळले. त्या पंचाहत्तरही शस्त्रक्रियांना मामा हात धुऊन शेजारी उभे राहणार, आणि पोट उघडायची वेळ आली तर चिरा भाचीने द्यायचा, मामांनी फक्त हुक धरायचा, असे भाचीनेच लिहून घेतले. लहान चिरा कसा द्यायचा, हे शिकायला दुसरी जागा तिला उरलेली नाही.

राहिला मुहूर्त. पावसाळ्यात नाही, हे मामांनी आधीच सांगून टाकले: काही बिघडलेच तर रुग्णवाहिका घाटात अडकता कामा नये. ऑक्टोबरपासून कापसाची वेचणी, तेव्हा बायका येणार नाहीत, हे भाचीने सांगितले. पौष अमावास्येला केसलापूरची नागोबाची जत्रा सुरू होते आणि सगळा गोंड मुलूख तिकडे लोटतो. ती आटोपून लोक गूड्यांत परतले, की त्यानंतरच्या आठवड्यात पहिली दोन नावे लावायची.